तिखट नाक आणि वाढतं वय : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात म्हातारपणी कमी ऐकू येण्यावर लिहिलं होतं आणि शेवटी विचारलं होतं की वासाबद्दल कुणाला काही विचारायचंय का. भरपूर पत्रं आली. वास येत नाही म्हणणारे थोडेच, वास फार येतो आणि घरात कुणी ऐकून घेत नाही म्हणणारे कितीतरी जास्त. त्यातली चार पत्रं इथे घेतेय, नावं काढून टाकलीत.

प्रश्न : डॉक्टर ताई, नमस्कार. वय ६६, डोंबिवलीत मुलगा-सुनेकडे असते. माझं नाक लहानपणापासूनच तिखट, दूध नासायला लागलंय हे घरात सगळ्यात आधी मला कळायचं. पण रिटायर झाल्यापासून फारच त्रास होतो. सूनबाई कपड्यांना ते कंडिशनर घालते, बाथरूममध्ये फ्रेशनर टांगलाय, लिफ्टमध्ये कुणी डिओ मारून गेलं असेल तर तोही, सगळं डोक्यात जातं आणि संध्याकाळी डोकं धरून बसते. वय वाढलं की वास कमी येतो असं वाचलं, मग माझं उलटं कसं? मुलगा म्हणतो आई तुझ्या मनाचे खेळ आहेत. सून काही बोलत नाही, पण तिला लागलंय हे दिसतं.

उत्तर : ताई, हे उत्तर मुलाला वाचायला द्या. तुमचा त्रास खरा आहे, मनाचे खेळ वगैरे काही नाही.

वाचलंत ते बरोबरच आहे. अमेरिकेत वासावर संशोधन करणाऱ्या रिचर्ड डोटी यांनी १९८४ मध्ये जवळपास २००० माणसांना कागदावर खरवडून सोडायचे वास ओळखायला दिले होते, त्यात ६५ ते ८० वयाच्या निम्म्याहून जास्त लोकांची वासाची जाण बरीच कमी झालेली निघाली आणि ८० च्या पुढे तर चारातल्या तिघांची. आपल्या नाकात अगदी वर, दोन डोळ्यांच्या मधे जरा आत, वासाच्या पेशींचा एक छोटासा पडदा असतो, तिथल्या पेशी सारख्या मरत असतात आणि नव्या येत असतात, आणि वय वाढलं की ही नवी भरती मंदावते. पण हे बहुतेकांचं झालं, सगळ्यांचं नाही. माणसाकडे वास टिपणारे साधारण ४०० प्रकारचे रिसेप्टर असतात, ही सगळी भानगड उलगडल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चं नोबेल मिळालं, आणि त्यातले कुणाचे कुठले चांगले चालतात हे जन्मापासूनच माणसागणिक वेगळं असतं. तुमच्याकडे मुळात भांडवल जास्त होतं, त्यातलं थोडं गेलं असेल तरी इतरांपेक्षा जास्तच उरलंय.

आणि रिटायर झाल्यावर का वाढलं म्हणाल तर मला वाटतं नाक वाढलं नाही, घरातले वास वाढलेत. आधी तुम्ही दिवसभर ऑफिसात असायचात, आता चोवीस तास त्याच दोन-तीन खोल्यांत. त्यात हल्लीच्या कंडिशनरमध्ये सुगंधाच्या अगदी बारीक कुप्या असतात, कपडा घासला गेला की त्या फुटतात म्हणजे धुतलेल्या चादरीवर तुम्ही कूस बदललीत की पुन्हा ताजा वास, मग डोकं दुखेल नाही तर काय होईल.

आता एक गोष्ट तुम्ही स्वतः तपासायची. वास येणं आणि झोंबणं ह्या दोन वेगळ्या नसांच्या गोष्टी आहेत. मिरचीच्या फोडणीचा ठसका, फिनेलने डोळ्यात येणारं पाणी, कापराचा थंडावा हे सगळं चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या नसेचं काम, वासाच्या नसेचं नाही. वास अजिबात न येणाऱ्या माणसालासुद्धा अमोनिया झोंबतोच. तर फ्रेशनरने तुमचं नाक चुरचुरतं का, पाणी गळतं का, खोकला किंवा धाप लागते का ते बघा. तसं होत असेल तर ॲलर्जी, कोरडं पडलेलं नाक किंवा दमा असू शकतो, त्याला उपचार आहेत आणि ते घ्यायलाच हवेत. आणि वासाने डोकं दुखतं, उजेड नको वाटतो, मळमळतं असं असेल तर ती अर्धशिशी असू शकते. अर्धशिशीच्या कितीतरी रुग्णांना वास सहन होत नाहीत आणि हे डॉक्टरला सांगायचं असतं हेच त्यांना माहीत नसतं.

नाकाची ही अवस्था अचानक झाली असती, म्हणजे महिन्या-दोन महिन्यांत, तर मी वेगळं बोलले असते. कधीमधी एखाद्या नव्या औषधाने चव आणि वास बदलतात (औषध मनाने बंद करायचं नाही, लिहून देणाऱ्याला विचारायचं) आणि अगदी क्वचित ॲड्रिनल ग्रंथी कमी काम करत असतील तर नाक फार संवेदनशील होतं, पण तेव्हा सोबत थकवा, वजन घटणं, सारखं खारट खावंसं वाटणं, बीपी कमी होणं असलं काहीतरी असतं. तुमच्या पत्रात त्यातलं काही नाही.

अजून एक सांगते, रागावू नका. अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोनेल सेंटर म्हणून वास आणि चवीवर संशोधन करणारी संस्था आहे, तिथे पामेला डाल्टन यांनी १९९६ च्या सुमारास एक प्रयोग केला होता. सगळ्यांना एकच वास दिला, काहींना सांगितलं हा घातक आहे, काहींना सांगितलं हा नैसर्गिक आणि तब्येतीला चांगला आहे. दुसऱ्या गटाला थोड्या वेळाने वास जाणवेनासा झाला, नाकाला सवय होते ना तशी. ज्यांना घातक सांगितलं होतं त्यांना तो कमी होतच नव्हता. म्हणजे ज्या वासाची धास्ती बसते त्याच्यावर नाक पहारा करत बसतं आणि मग तो येतच राहतो. ह्याचा अर्थ त्रास खोटा असा मुळीच नाही, पण सून कंडिशनरची बाटली उघडायच्या आधीच जर छातीत धडधडत असेल तर निम्मा त्रास तिथूनच सुरू होतोय, आणि तेवढा तरी कमी करता येतो. घरात तुमची एक खोली बिनवासाची ठरवून घ्या, तिथे फ्रेशनर नाही, कंडिशनरची चादर नाही, डांबर गोळ्या नाहीत. पळून जायला जागा आहे एवढं मनाला कळलं की बाहेरचे वास जरा सुसह्य होतात, हे माझ्या कितीतरी पेशंटनी सांगितलंय.

फ्रेशनर काढून टाका, त्याने दुर्गंधी जात नाही, एकावर दुसरा वास चढतो. एक्झॉस्ट फॅन साफ करून घ्या, तुपकट झालेला फॅन नुसता आवाज करतो. कपड्यांना बिनवासाची पावडर मिळते ती आणा. देवापुढे उदबत्तीऐवजी निरांजन आणि ताजी फुलं ठेवा, मोगरा सहन होत नसेल तर जास्वंद आहे, तिला वासच नाही. डासांची कॉइल मात्र बंदच करा, २००३ मधल्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातले बारीक कण ७५ ते १३७ सिगरेटींएवढे निघाले होते, तिखट नाक असो नसो, तो धूर कुणालाच नको. नाक धुवायचं असेल, जलनेती करत असाल, तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं अजिबात नको. आणि नाक बंद झालं म्हणून चोंदलेलं नाक उघडायचे थेंब आठवडेच्या आठवडे घालू नका, त्याने नाक अजून चोंदतं.

सूनबाईंशी बोला, आणि बोलताना "केवढा वास मारतोय" असं म्हणू नका, तिने हौसेने आणलेली वस्तू आहे. "मला ह्या वासाने डोकं दुखतं गं, माझे कपडे वेगळे धुवूया का" असं म्हणा. एका वेळी एकच वस्तू. सगळ्या घराबद्दल तक्रार केली की समोरच्याला वाटतं आपल्याबद्दलच तक्रार आहे.

प्रश्न : आम्ही ठाण्याला तिसऱ्या मजल्यावर राहतो, वय ७०. खालच्या मजल्यावर नवीन कुटुंब आलंय, ते आठवड्यातून दोनदा सुके बोंबील भाजतात. मला तो वास बिलकुल सहन होत नाही, दोन तास जेवण जात नाही. सोसायटीत लेखी तक्रार करावी का?

उत्तर : नको, दादा. नाक तुमचं आहे आणि स्वयंपाकघर त्यांचं आहे. मुंबई-ठाण्याचा किनारा बोंबलावर जगलाय, आणि आपल्याकडे वासाचं निमित्त करून माणसांना घरं नाकारली जातात हे तुम्हालाही माहीत आहे, त्यात तुमच्या कागदाची भर नको असं मला अगदी मनापासून वाटतं. तुमचा त्रास खोटा आहे असं मी म्हणत नाहीये. पण त्यावर उपाय आहे. खाली जाऊन ओळख करून घ्या, चहा घ्या, आणि सरळ सांगा की माझं नाक जरा जास्त संवेदनशील आहे, भाजणार असाल त्या दिवशी एक फोन कराल का, मी तेवढा वेळ खिडकी लावून घेईन किंवा खाली फिरायला जाईन. बहुतेक माणसं एवढं आनंदाने करतात. तुमच्या घरात आलेल्या वासासाठी समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडून पंखा लावा, पंधरा-वीस मिनिटांत बराच फरक पडतो. माशाचा वास ज्या अमाइन नावाच्या द्रव्यांचा असतो त्यांना आंबट लागलं की ती बांधली जातात, कालवणात कोकम नाहीतर चिंच असते आणि मासे खाऊन झाल्यावर हाताला लिंबू चोळतात ते उगाच नाही. आणि सप्तपर्णीला बहर आला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अख्ख्या रस्त्याला उग्र दर्प येतो, तेव्हा आपण महापालिकेला झाड तोडा म्हणत नाही ना, खिडकी लावतो.

प्रश्न : डॉक्टर, मी ६३ ची, हे ७१ चे, आम्ही साताऱ्यात दोघंच असतो. माझं नाक पहिल्यापासून तीक्ष्ण. गेल्या दोन-तीन वर्षांत ह्यांच्या अंगाचा वास बदललाय असं मला वाटतं, रोज आंघोळ करतात तरी. परदेशातल्या एका बाईंना नवऱ्याच्या वासावरून पार्किन्सन कळला होता असं कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून झोप नाही. ह्यांना स्वतःला तर वास येतच नाही, भाजी करपली तरी कळत नाही. कुणाला विचारू?

उत्तर : ताई, मला विचारलंत ते बरं केलंत. आधी ती गोष्ट पूर्ण सांगते, कारण अर्धवट वाचली की भीतीच वाटते. त्या बाई म्हणजे स्कॉटलंडमधल्या पर्थच्या जॉय मिल्न, निवृत्त नर्स. त्यांचे पती लेस डॉक्टर होते, भूल देणारे. ते तिशीत असताना जॉयना त्यांच्या अंगाला एक वेगळाच कस्तुरीसारखा जड वास येऊ लागला, आणि पार्किन्सनचं, म्हणजे हालचाली संथ करणाऱ्या, हात थरथरवणाऱ्या मेंदूच्या आजाराचं निदान झालं ते पंचेचाळिसाव्या वर्षी. पुढे त्या रुग्णांच्या एका मेळाव्याला गेल्या तर तिथे सगळ्यांना तोच वास! २०१२ मध्ये त्यांनी एडिनबर्ग विद्यापीठाच्या टिलो कुनाथ यांना भर सभेत ह्याबद्दल विचारलं. मग परीक्षा झाली, सहा रुग्णांचे आणि सहा निरोगी माणसांचे वापरलेले टीशर्ट त्यांना हुंगायला दिले. सहाही रुग्ण त्यांनी बरोबर ओळखले, फक्त एका निरोगी माणसालाही तो वास आहे म्हणाल्या, आणि काही महिन्यांनी त्या माणसालाही पार्किन्सन निघाला. नंतर मँचेस्टरच्या पर्डिटा बॅरन यांच्या टीमने त्वचेवरच्या तेलकट स्रावात त्या वासामागची काही द्रव्यं शोधली, ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. लेस २०१५ मध्ये गेले.

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण एका बाईच्या नाकावर शेवटी कुणीतरी विश्वास ठेवला. पण जॉय मिल्न यांचं नाक लाखात एक आहे, आणि वासावरून पार्किन्सन ठरवायची टेस्ट आपल्याकडच्या दवाखान्यात मिळत नाही, त्यामुळे तुम्ही घरात बसून निदान करायचं नाही. वयाबरोबर अंगाचा वास सगळ्यांचाच बदलतो. जपानी संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की चाळिशीनंतर त्वचेवरच्या तेलातून नोनेनाल नावाचं द्रव्य तयार होतं, त्याचा वास जरा खवट, गवतासारखा असतो. तो आजार नाही. तेलकट असल्यामुळे नुसत्या पाण्याने निघत नाही, मानेमागे, कानामागे, पाठीवर साबण नीट लागायला हवा आणि बनियन-उशीचे अभ्रे गरम पाण्यात धुवायला हवेत. हे एवढं महिनाभर करून बघा.

काही वास मात्र खरंच डॉक्टरकडे नेण्यासारखे असतात आणि तुमच्यासारखं नाक घरात असणं ही मोठी गोष्ट आहे. डायबेटिस असलेल्या माणसाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास, आणि त्यासोबत उलट्या किंवा धाप, तर थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल. श्वासाला अमोनियासारखा वास असेल तर किडनीची तपासणी. तोंडाला सडका वास असेल तर दात-हिरड्या, आणि कवळी असेल तर कवळी. लघवीला अचानक उग्र वास आणि जळजळ, तर इन्फेक्शन.

ह्यांना वास येत नाही हे पार्किन्सनमध्ये सुरुवातीच्या काळात होतं हे खरं, पण एकाहत्तराव्या वर्षी नुसताच वास कमी होणारे लोक त्याहून कितीतरी जास्त आहेत. तुम्ही बघा की हात थरथरतो का, चालताना एक हात हलत नाही असं होतं का, अक्षर बारीक होत चाललंय का, झोपेत ओरडतात-हातपाय झाडतात का, हालचाली संथ झाल्यात का. ह्यातलं काही दिसत असेल तर न्यूरोलॉजिस्टला दाखवा आणि त्यांना वासाबद्दलही सांगा, लाजू नका. काहीच नसेल तरी नाक-कान-घसा वाल्यांकडून एकदा नाक तपासून घ्या, नाकात मांसाचा कोंब (पॉलिप) किंवा जुनी सर्दी असेल तर वास परतही येऊ शकतो. तोवर फ्रिजमधलं शिळं आणि गॅस ह्या दोन गोष्टी तुम्ही सांभाळा.

प्रश्न : मी ७४, एकटाच असतो. दोन महिने झाले घरात मधूनमधून गॅसचा वास येतो. मेकॅनिकला दोनदा बोलावलं, तो म्हणतो लीक नाही. शेजारी म्हणतात काका, तुम्हालाच येतो. आता बोलवायची लाज वाटते.

उत्तर : काका, लाज अजिबात नको. एलपीजीला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम इथाइल मरकॅप्टन नावाचं द्रव्य घालतात, आणि ते इतकं उग्र की अगदी थोडा गॅस सुटला तरी कळतं. तुमचं नाक चांगलं असेल तर मेकॅनिकला न आलेला वास तुम्हाला येऊ शकतो. वास कधी येतो ते वहीत लिहा. सिलिंडर संपत आल्यावर येतो का? ते द्रव्य गॅसपेक्षा हळू उडतं, म्हणून तळाच्या गॅसमध्ये जास्त उरतं आणि शेवटी शेवटी वास वाढतो. न वापरलेल्या बाथरूमच्या जाळीजवळ येतो का? तिथलं पाणी सुकलं की गटाराचा वास वर येतो आणि तो गॅससारखाच वाटतो, एक बादली पाणी ओता आणि बघा. रेग्युलेटर आणि नळीच्या जोडावर साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले तर गळती आहे, काडी पेटवून बघायचं नाही.

हे सगळं करूनही वास येतच राहिला, बाहेर बागेत, देवळात गेलात तरी येतो, तर मात्र गॅस नाही, वास नाकात किंवा मेंदूत तयार होतोय. सायनस, वरच्या दाढेतला पू, फ्लू किंवा कोविड होऊन गेल्यावर बिघडलेल्या पेशी, ही कारणं नेहमीची. कोविडनंतर कितीतरी लोकांना कांदा-लसूण-कॉफीचा वास सडका येत होता, आणि बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारलं. पण वास एक-दोन मिनिटंच येतो, तेव्हा हे आधी घडलंय असं वाटतं किंवा भान हरपतं, असं असेल तर ह्याच आठवड्यात न्यूरोलॉजिस्ट, कारण फिट्सचा एक प्रकार असा असतो.

आणि ज्या दिवशी जोरात वास येईल त्या दिवशी कुणाला विचारत बसू नका. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडी, दिव्याचं-पंख्याचं कुठलंच बटण चालू किंवा बंद करायचं नाही, एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो म्हणून बाहेरचं दार पूर्ण उघडं ठेवून बाहेर जायचं आणि बाहेरून १९०६ ला फोन करायचा, तो गॅस गळतीचाच नंबर आहे. शेजाऱ्यांकडे घराची एक किल्ली देऊन ठेवा. रबरी नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली असतील तर ह्याच आठवड्यात एजन्सीला सांगून बदलून घ्या.